शिक्षकाच्या पाठीशी कोण? पालघर जिल्ह्यातील शालेय आधारव्यवस्थेची ओळख

शाळेचा दर्जा म्हटला की चर्चा बहुधा इमारत, पटसंख्या आणि निकाल यांपाशी येऊन थांबते. वर्गात प्रत्यक्ष शिकवणाऱ्या शिक्षकाला अडचण आली, तर ती सोडवण्यासाठी त्याने कोणाकडे जावे, हा प्रश्न क्वचितच विचारला जातो. तिसरीतील एखाद्या मुलाला अद्याप वाचता येत नसेल, तर त्याचा दोष शिक्षकावर टाकणे सोपे असते. परंतु एकाच वर्गात तीन इयत्ता आणि चार बोली घेऊन बसलेल्या शिक्षकाला मदतीची गरज असते, केवळ तपासणीची नव्हे. मुलांचे शिकणे सुधारायचे असेल तर शाळा आणि शिक्षक यांच्या मागे एक जिवंत आधारव्यवस्था उभी असावी लागते. वसई-विरार आणि एकूणच पालघर जिल्ह्यात या विचाराला मोठी परंपरा आहे. त्या परंपरेची आणि आजच्या व्यवस्थेची ओळख प्रस्तुत लेखात करून दिली आहे.

कोसबाडचा वारसा

शाळेत मूल येत नसेल तर शाळेने मुलाकडे जावे, हा विचार याच भूमीत प्रत्यक्षात आला. गिजुभाई बधेका यांच्यासोबत भावनगर येथे बालशिक्षणाचे काम केलेल्या ताराबाई मोडक १९४५ साली डहाणू तालुक्यातील बोर्डी येथे आल्या. ग्रामीण आणि गरीब मुलांना परवडेल असे बालशिक्षण घडवणे हा त्यांचा उद्देश होता. अनुताई वाघ या कामात त्यांच्या सहकारी झाल्या. वस्तीतील मुले बालवाडीपर्यंत येत नाहीत असे दिसल्यावर त्यांनी वस्तीतल्या अंगणातच बालवाडी भरवली आणि त्यातून ‘अंगणवाडी’ हा शब्द रूढ झाला. २ ऑक्टोबर १९७५ रोजी सुरू झालेल्या एकात्मिक बालविकास सेवा योजनेने हाच शब्द देशभर नेला.

पुढे हे काम कोसबाडच्या टेकडीवर, आदिवासी वस्तीत स्थिरावले. गुरे राखायला गेलेल्या मुलांसाठी तेथे कुरणशाळा भरली. धाकट्या भावंडाला सांभाळावे लागते म्हणून मोठी बहीण शाळेत येत नाही, हे लक्षात आल्यावर पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकत्र आणणारी ‘विकासवाडी’ आकाराला आली. ताराबाईंचे १९७३ मध्ये आणि अनुताईंचे १९९२ मध्ये निधन झाले.

या प्रयोगाचा एक पैलू मात्र फारसा सांगितला जात नाही. कोसबाडला मुलांना शिकवण्याइतकेच महत्त्व शिकवणाऱ्यांना घडवण्याला होते. बालसेविकांचे प्रशिक्षण, स्थानिक वस्तूंपासून केलेली स्वस्त साधने आणि बालशिक्षणाला वाहिलेले ‘शिक्षणपत्रिका’ हे मासिक, ही सर्व शिक्षकांच्या आधाराचीच साधने होती. शंख, शिंपले, बिया, पाने यांवर गणित शिकवता येते, हे शिक्षिकेला कोणीतरी दाखवून द्यावे लागते. कोसबाडने ते दाखवून दिले.

वीटभट्टीवरील शाळा

वसई तालुक्याने यानंतरचा धडा घालून दिला. दिवाळीनंतर जव्हार, मोखाडा, विक्रमगड, वाडा या भागांतून अनेक आदिवासी कुटुंबे वीटभट्ट्यांवर कामासाठी स्थलांतर करतात आणि पावसाळ्याच्या तोंडावर गावी परततात. या काळात मुलांचे नाव गावच्या शाळेच्या पटावर असते आणि मूल मात्र वसई किंवा भिवंडीकडच्या भट्टीवर असते. भट्टीवर कामगार ज्या तात्पुरत्या झोपडीत राहतो तिला ‘भोंगा’ म्हणतात. वसई तालुक्यातील उसगाव येथे काम करणाऱ्या विधायक संसद या संस्थेने १९९०च्या दशकात या भोंग्यांजवळच शाळा सुरू केल्या. त्या ‘भोंगाशाळा’ म्हणून प्रसिद्ध झाल्या.

स्थलांतर करणारे मूल हे शाळाबाह्य नसून त्याची शाळा त्याच्यापासून सहा महिने दूर असते, ही गोष्ट भोंगाशाळांनी प्रशासनासमोर ठळकपणे आणली. पुढील काळात हंगामी वसतिगृहे आणि स्थलांतरित मुलांसाठी ‘शिक्षण हमी पत्रक’ असे उपाय राज्यात आले. या पत्रकाच्या आधारे मुलाला कामाच्या ठिकाणाजवळील शाळेत बसता येते आणि तेथे झालेल्या अभ्यासाची नोंद मूळ शाळेला मिळते. मात्र पत्रक हातात असले तरी जानेवारीत अचानक वर्गात आलेल्या मुलाला कोठून शिकवायला सुरुवात करायची, हा प्रश्न अखेर वसईतील शिक्षकापुढेच उभा राहतो.

व्यवस्थेची साखळी

राज्यात १ मे १९६२ रोजी जिल्हा परिषदा अस्तित्वात आल्या आणि ग्रामीण प्राथमिक शिक्षण त्यांच्याकडे आले. त्या व्यवस्थेत शाळेवर देखरेख ठेवण्याचे काम तालुका पातळीवर गटशिक्षणाधिकारी आणि त्यांच्या हाताखाली शिक्षण विस्तार अधिकारी करतात. विस्तार अधिकाऱ्याच्या क्षेत्राला ‘बीट’ म्हणतात. परंतु एका अधिकाऱ्याकडे अनेक शाळा असल्याने भेट म्हणजे तपासणी असेच समीकरण रूढ झाले.

ही उणीव भरून काढण्यासाठी १९९४ साली राज्यात केंद्रप्रमुख हे पद निर्माण करण्यात आले. साधारणपणे दहा-बारा शाळांचे एक केंद्र, त्यातील एक केंद्रशाळा आणि तिच्या परिसरातील शाळांना शैक्षणिक मार्गदर्शन करणारा केंद्रप्रमुख, अशी ही रचना आहे. राज्यभरात अशी ४,८६० केंद्रे ठरवण्यात आली. केंद्रप्रमुखाने वर्गात बसावे, पाठ पाहावा, आवश्यक तेथे स्वतः पाठ घेऊन दाखवावा आणि केंद्रातील शिक्षकांची शिक्षण परिषद भरवावी, ही अपेक्षा असते. पुढे सर्व शिक्षा अभियानातून तालुक्याच्या गट साधन केंद्रात विषयतज्ज्ञ व साधनव्यक्ती आले. जिल्हा पातळीवर १९८६च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातून आलेली जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्था आणि राज्य पातळीवर पुण्यातील राज्य शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषद ही या साखळीची वरची टोके होत. वसईसह आठ तालुक्यांचा पालघर जिल्हा १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाण्यापासून वेगळा झाला आणि शिक्षण विभागाचे मुख्यालय जवळ आले.

कागदावर ही साखळी निर्दोष आहे. प्रत्यक्षात केंद्रप्रमुखांची पदे दीर्घकाळ रिक्त राहिल्याच्या तक्रारी राज्यभर वारंवार झाल्या. जो केंद्रप्रमुख असतो त्याचाही बराचसा वेळ शाळांकडून माहिती गोळा करून वर पाठवण्यात जातो. पालघरमध्ये शिक्षकांच्या आंतरजिल्हा बदल्यांमुळे वर्ग रिकामे पडण्याचा प्रश्नही जिल्हानिर्मितीनंतर अनेकदा चर्चेत आला. मार्गदर्शक टपालवाहक झाला की साखळीचा मधला दुवाच निखळतो.

कायद्याने दिलेला आधार

बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम २००९ साली संमत झाला आणि १ एप्रिल २०१० पासून अमलात आला. या कायद्याकडे केवळ प्रवेशाचा कायदा म्हणून पाहिले जाते, पण त्यात शिक्षकाच्या बाजूच्याही तरतुदी आहेत. प्राथमिक वर्गांत साठ मुलांपर्यंत किमान दोन शिक्षक असावेत, असे त्याची अनुसूची सांगते. दशवार्षिक जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुकांची कामे वगळता शिक्षकांना शिक्षणेतर कामांना जुंपता येत नाही. शाळा व्यवस्थापन समितीत तीनचतुर्थांश सदस्य पालक आणि निम्म्या महिला असाव्यात, अशीही तरतूद आहे. शिक्षक नाही, स्वच्छतागृह नाही किंवा शिक्षकाला कागदी कामातून सवड नाही, यांविषयी ठराव करण्याचा अधिकार या समितीला आहे. वसई-विरारमधील किती पालकांना आपण या समितीत निवडून येऊ शकतो हे ठाऊक असते, याचा विचार व्हायला हवा.

मूल नेमके कोठे आहे?

आधार द्यायचा तर आधी अडचण कळायला हवी. मुंबईत १९९५ साली सुरू झालेल्या ‘प्रथम’ या संस्थेने २००५पासून ‘असर’ या पाहणीतून एक साधी पद्धत लोकांपर्यंत नेली. मुलाला पहिलीच्या पातळीचा चार ओळींचा उतारा वाचायला द्यावा. तो सहज वाचला तर दुसरीच्या पातळीची गोष्ट द्यावी. उतारा जमला नाही तर सुटे शब्द आणि तेही जमले नाहीत तर अक्षरे द्यावीत. पाच मिनिटांत मूल कोणत्या पायरीवर आहे ते समजते. त्यासाठी प्रश्नपत्रिका, गुण किंवा भीती यांची गरज नसते.

त्यापुढची पायरी म्हणजे दिवसातील काही वेळ इयत्ता बाजूला ठेवून मुलांचे पातळीनुसार गट करणे. अक्षरांवर अडलेली तिसरी आणि पाचवीची मुले त्या वेळेपुरती एकत्र बसतात. मुंबई आणि वडोदरा येथील ‘बालसखी’ उपक्रमात मागे पडलेल्या मुलांना वस्तीतील तरुणी दररोज सुमारे दोन तास वेगळे शिकवत असत. अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याचा अभ्यास केला आणि मुलांच्या शिकण्यात स्पष्ट सुधारणा आढळली. या दोघांना २०१९ साली मायकेल क्रेमर यांच्यासमवेत अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

राज्य शासनाने २२ जून २०१५ रोजी ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ हा कार्यक्रम जाहीर केला. त्या सुमारास सातारा जिल्ह्यातील कुमठे बीट पाहण्यासाठी राज्यभरातून शिक्षक जाऊ लागले. शिक्षकाने दुसऱ्या शिक्षकाचा वर्ग पाहून शिकावे, ही त्यामागील कल्पना कोणत्याही परिपत्रकापेक्षा परिणामकारक ठरली. केंद्र शासनाने जुलै २०२१ मध्ये ‘निपुण भारत’ अभियान सुरू करून २०२६-२७ पर्यंत तिसरी पूर्ण करणाऱ्या प्रत्येक मुलाला समजून वाचता यावे आणि मूलभूत गणित यावे, असे उद्दिष्ट ठेवले.

महानगरातील वेगळे प्रश्न

वसई-विरार शहर महानगरपालिका ३ जुलै २००९ रोजी स्थापन झाली, तरी शहरातील सरकारी प्राथमिक शाळा त्यानंतरही अनेक वर्षे जिल्हा परिषदेकडेच राहिल्या. शहर वेगाने वाढले आणि शाळेची व्यवस्था मात्र ग्रामीण चौकटीत राहिली. इमारतीची दुरुस्ती, पाणी, वीज यांसाठी मुख्याध्यापकाने कोणाचे दार ठोठवायचे, हा संभ्रम त्यातून निर्माण झाला.

दुसरा प्रश्न भाषेचा आहे. किनारपट्टीच्या गावांत वाडवळी, सामवेदी, कोळी या बोली घरोघर बोलल्या जातात. पूर्वेकडच्या पाड्यांवर वारली आणि कातकरी कुटुंबांची बोली वेगळी. नालासोपारा-विरारच्या चाळींत हिंदी, भोजपुरी, गुजराती कानी पडते. यांतील प्रत्येक मुलाला पाठ्यपुस्तकातील प्रमाण मराठी ही थोड्याफार प्रमाणात नवी भाषाच असते. मूल गप्प बसते म्हणजे त्याला येत नाही असे नव्हे. पहिल्या दोन वर्षांत घरच्या शब्दांना वर्गात जागा देणे आणि त्यांवरून प्रमाण भाषेकडे नेणे, हे कौशल्याचे काम आहे. शिक्षकाला ते एकदिवसीय प्रशिक्षणातून साधत नाही. बोली जाणणारा सहकारी, गावातील एखादी आजी, अंगणवाडी सेविका यांची साथ त्याला लागते.

पालक व नागरिक काय करू शकतात?

प्रत्येकाला शिक्षक होणे शक्य नसले तरी शाळेला आधार देणे शक्य आहे. त्यासाठी पुढील गोष्टी उपयुक्त ठरतात.

शाळा व्यवस्थापन समितीच्या सभेला उपस्थित राहावे आणि ‘मुलांना वाचता येते का’ हा विषय प्रत्येक सभेच्या पत्रिकेवर घ्यावा.

रिक्त पदे आणि शिक्षणेतर कामे यांविषयी शिक्षकाला जाब न विचारता समितीचा ठराव करून तो गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे पाठवावा.

परिसरातील बांधकामावर किंवा भट्टीवर मुले दिसल्यास जवळच्या शाळेच्या मुख्याध्यापकांना कळवावे. कागदपत्रे नाहीत म्हणून प्रवेश नाकारता येत नाही.

निवृत्त शिक्षक, महाविद्यालयीन विद्यार्थी यांनी आठवड्यातील दोन तास गोष्टींच्या पुस्तकांसह शाळेला द्यावेत. मात्र काय करायचे ते वर्गशिक्षकाने ठरवावे.

ताराबाईंनी अंगणात बालवाडी भरवली तेव्हा त्यांच्यामागे शासनयंत्रणा नव्हती. आज केंद्रप्रमुखापासून राज्य परिषदेपर्यंत यंत्रणा आहे, कायदा आहे आणि मुलाची पातळी ओळखण्याची सोपी रीतही आहे. या सर्वांची कसोटी एकच. चुळण्याच्या किंवा भाताण्याच्या शाळेतील शिक्षिका एखाद्या मुलापाशी अडली, तर तिच्या मदतीला त्या आठवड्यात कोणी येते की नाही, यावर त्या मुलाचे वाचणे अवलंबून आहे.