वीस हजार ओळींचे दान

२० जुलै २००९ या दिवशी अमेरिकेतील मायक्रोसॉफ्ट कंपनीने आपण लिहिलेल्या सुमारे वीस हजार ओळी लिनक्सच्या स्वाधीन केल्या. पुष्कळांनी त्या वेळी या गोष्टीला दान म्हटले. ते दान होते की देणे होते, आणि नुसते हातावेगळे केल्याने ते पोचले काय, या प्रश्नांचा आज आपण थोडा विचार करू.

या ओळींत एका नेटवर्क कार्डाचा ड्रायव्हर होता. ड्रायव्हर म्हटल्यावर आपल्यापुढे एस. टी.चा खाकी गणवेशातला माणूस उभा राहतो. त्याचा येथे संबंध नाही. तारेतून येणारे संदेश झेलणारी जी पट्टी संगणकात बसवलेली असते, ती नेटवर्क कार्ड. संदेश आला म्हणजे कार्ड संगणकाला हाक मारते, संदेश स्मृतीच्या कोणत्या कप्प्यात ठेवला ते कळवते आणि पुढच्यासाठी रिकामा कप्पा मागते. पण प्रत्येक कार्डाची बोली निराळी. ती जाणणारा दुभाषा म्हणजे ड्रायव्हर. तो नसेल, तर कार्ड कितीही महागाचे असो, संगणकाच्या लेखी तो नुसता पत्रा.

लिनक्स हा ऑपरेटिंग सिस्टिमचा कर्नेल, म्हणजे गाभा. लिनस टोरव्हाल्ड्स या हेलसिंकी विद्यापीठातील एकवीस वर्षांच्या विद्यार्थ्याने १९९१ साली तो सुरू केला आणि १९९२ मध्ये त्याला जीपीएल नावाचे लायसेन्स लावले. लायसेन्साचा सारांश एवढाच, की हे लिखाण कोणीही घ्यावे, बदलावे, विकावेसुद्धा. मात्र ते दुसऱ्याच्या हाती देताना त्याचे मूळ लिखाणही त्याच अटींवर दिले पाहिजे. आपण घेतले तसे पुढच्याला घेऊ द्यावे.

दुभाषांची पहिली मोठी फळी उभी केली डोनाल्ड बेकर या अमेरिकन गृहस्थाने. नव्वदीच्या आरंभी बाजारात मिळणाऱ्या कितीतरी कार्डांसाठी त्याने ड्रायव्हर लिहिले. त्यांतल्या एकाच्या माथ्यावर चक्क अमेरिकेच्या नॅशनल सिक्युरिटी एजन्सीच्या वतीने स्वामित्वाची नोंद आहे! ज्या खात्याचे नावसुद्धा लोक दबक्या आवाजात घेतात, त्याचे लिखाण घरोघरी मोफत गेले, ही मौज इतिहासकाराने नोंदवून ठेवण्यासारखी आहे. पुढे १९९४ मध्ये नासाच्या गोडार्ड केंद्रात बेकर आणि थॉमस स्टर्लिंग यांनी सोळा साधे संगणक अशाच कार्डांनी जोडून बेओवुल्फ नावाचा संच उभारला, आणि स्वस्तातला महासंगणक कसा करावा हे जगाला दाखविले.

आता मायक्रोसॉफ्टकडे वळू. २००१ साली कंपनीचे त्या वेळचे प्रमुख स्टीव्ह बामर यांनी लिनक्सची तुलना कर्करोगाशी केली होती. ज्याला शिवेल त्याला हे लायसेन्स चिकटते, असा त्यांचा आक्षेप. परंतु गिऱ्हाईक हा प्राणी तत्त्वज्ञानावर चालत नाही. २००८ मध्ये कंपनीने हायपर-व्ही नावाची व्यवस्था बाजारात आणली. तिच्यायोगे एका खऱ्या यंत्राच्या पोटात अनेक भासमान यंत्रे चालू लागली. त्यांतल्या काहींवर गिऱ्हाइकांना लिनक्स हवा होता. भासमान यंत्राला कार्डही भासमानच. पण दुभाषावाचून त्याचेही चालत नाही. म्हणून लिनक्ससाठी ड्रायव्हर लिहिणे मायक्रोसॉफ्टला भाग पडले.

व्यॅटा या कंपनीतील स्टीफन हेमिंगर हा अभियंता तोच ड्रायव्हर आपल्या कामासाठी तपासत होता. तपासता तपासता त्याच्या लक्षात आले, की यातले काही तुकडे जीपीएलखालचे आहेत आणि त्यांच्याशी जोडलेल्या काही तुकड्यांचे मूळ लिखाण मात्र बंद ठेवलेले आहे. लायसेन्साला हे चालत नाही. त्याने आरडाओरड केली असती, तर चार दिवस गंमत झाली असती. त्याऐवजी त्याने ग्रेग क्रोह-हार्टमन या कर्नेलच्या एका जुन्या राखणदाराला कळविले. क्रोह-हार्टमन तेव्हा नॉव्हेल कंपनीत होता आणि नॉव्हेलचे मायक्रोसॉफ्टशी २००६ पासून करारमदार होते. बोलणी पडद्याआड झाली आणि जुलैमध्ये ओळी बाहेर आल्या. लायसेन्साच्या बंधनामुळे आपण हे केलेले नाही, असे कंपनीचे सांगणे होते. हेमिंगरने आपली हकीकत निराळी सांगितली. मला दोन्ही खरे असण्याची शक्यता वाटते. धनकोने दार ठोठावल्यावर जो पैसे देतो, त्याची देण्याची इच्छा आधीपासून नव्हतीच, असे आपण शपथेवर कसे सांगावे?

पण खरी कथा येथून पुढे आहे.

कर्नेलमध्ये लिखाण घालणे म्हणजे देवळाच्या पेटीत नाणे टाकणे नव्हे. बदल लहान लहान तुकड्यांनी पाठवावा लागतो. प्रत्येकासोबत त्याचे कारण आणि, २००४ पासून, हे देण्याचा मला अधिकार आहे अशा अर्थाची सही. मग अनोळखी माणसे त्यावर तुटून पडतात. हे नाव असे का? हे कुलूप येथे कशाला? शेवटी त्या त्या विभागाचा राखणदार तो स्वीकारतो आणि टोरव्हाल्ड्सकडे नेतो. एवढा खटाटोप का करावा? कारण कर्नेलची आतली रचना सतत पालटत असते. जो ड्रायव्हर बाहेर राहिला, तो दर पालटीला मोडतो. जो आत आला, त्याला सांभाळून घेण्याची जबाबदारी रचना पालटणाऱ्यावर येते. पण त्यासाठी ड्रायव्हरला पाठीराखा लागतो. प्रश्न विचारला तर उत्तर देणारे कोणीतरी घरात असावे लागते.

कच्च्या ड्रायव्हरांसाठी क्रोह-हार्टमनने २००८ मध्ये स्टेजिंग नावाची जागा केली होती. तिला आपण ओसरी म्हणू. तिथला ड्रायव्हर चालू केला, की कर्नेल स्वतःवर एक खूण करून घेतो, आणि त्या खुणेचे इंग्रजी नाव सभेत उच्चारण्याजोगे नाही. ‘केरकचरा’ हे त्याचे सोवळे भाषांतर. मायक्रोसॉफ्टचे लिखाण या ओसरीवर आले. त्यातली नावे विंडोजच्या वळणाची, मधेच मोठी अक्षरे असलेली. शिवाय कर्नेलपासून अलग राहण्यासाठी मध्ये घातलेले एक निराळे आवरण. क्रोह-हार्टमनने साफसफाईला हात घातला आणि दोनशेहून अधिक दुरुस्त्या झाल्या.

ओसरी मिळाली की पाहुणा हातपाय पसरतो, असा आपला अनुभव. येथे उलटेच झाले. गाठोडे ओसरीवर ठेवून पाहुणाच दिसेनासा झाला. पत्रांना उत्तरे येईनात. तेव्हा सप्टेंबर २००९ मध्ये, म्हणजे त्या गाजलेल्या दानानंतर दोनच महिन्यांनी, क्रोह-हार्टमनने जाहीर केले, की ही माणसे परतली नाहीत तर हा ड्रायव्हर २.६.३३ या आवृत्तीत काढून टाकण्यात येईल. जगातल्या सर्वांत श्रीमंत कंपन्यांपैकी एकीला एका माणसाने दिलेली ही तंबी! तिच्यात कंपनीचा पूर्वीचा उद्धार नव्हता, कर्करोगाचा उल्लेख नव्हता. हीच तंबी एखाद्या विद्यार्थ्यालाही मिळाली असती, आणि मला तरी सगळ्या प्रकरणातली मोठी गोष्ट हीच वाटते.

पाहुणा परतला. डिसेंबर २००९ मध्ये निघालेल्या २.६.३२ आवृत्तीत ड्रायव्हर ओसरीवर होता आणि पुढेही राहिला. मग मायक्रोसॉफ्टतर्फे के. वाय. श्रीनिवासन या अभियंत्याने कंबर कसली. नावे बदलली, आवरणे काढली, एकेका तुकड्यावर टीका झेलली. जुलै २०११ च्या ३.० आवृत्तीत बदलांच्या संख्येने त्याचे नाव सर्वांच्या वर होते. ज्यांनी ही नोंद पाहिली, त्यांतले कित्येक हसले; पण संख्या खरी होती. बदल बहुतेक आपल्याच घरचा पसारा आवरण्याचे होते, हेही खरे. मार्च २०१२ मध्ये निघालेल्या ३.३ आवृत्तीत नेटवर्क ड्रायव्हर ओसरीवरून माजघरात, इतर नेटवर्क ड्रायव्हरांच्या पंक्तीला जाऊन बसला. २००९ च्या जुलैपासून मोजले, तर यास अडीच वर्षांहून अधिक काळ लागला होता.

पंक्तीला बसलेल्या प्रत्येक ड्रायव्हराचे पाठीराखे कोण, हे सांगणारी एक यादी कर्नेलमध्येच असते. पुढे त्या यादीत हायपर-व्हीच्या नोंदीखाली मायक्रोसॉफ्टच्या पत्त्यासह आणखी एक नाव लागले: स्टीफन हेमिंगर.