पितळ कसें उघडें पडलें

तांब्याचा हंडा घडवितांना तांबट कांहीं वेळ पत्रा ठोकतो आणि मग हातोडा खालीं ठेवून तो पत्रा पुन्हां भट्टींत सारतो. घाव बसून धातु कठीण होतो; त्याला मधून मधून तापविलें नाहीं, तर पुढच्या घावाला तो फाटतो. पुण्याच्या तांबट आळींत हें ज्ञान बापाकडून मुलाकडे चालत आलें आहे. बंदुकीच्या काडतुसांच्या बाबतींत मात्र ह्याच ज्ञानाचा एक महत्त्वाचा भाग उलगडण्यास १९२१ साल उजाडावें लागलें, आणि त्या शोधाचें मूळ हिंदुस्थानांतील घोड्यांच्या पागांमध्यें होतें.

१८५७ च्या वेळचें काडतूस कागदाचें होतें. शिपाई तें दातांनीं फाडी, दारू नळींत ओती आणि मागोमाग गोळी ठासी. १८६६ सालीं ब्रिटिश सैन्यानें मागून भरावयाची स्नायडर बंदूक स्वीकारली, आणि तिच्यासाठीं वुलिच येथील शाही प्रयोगशाळेचे अधीक्षक एडवर्ड बॉक्सर यांनीं पितळेचा पातळ पत्रा गुंडाळून पुंगळी तयार केली. १८७१ सालच्या मार्टिनी-हेन्री बंदुकीची पुंगळीही पत्र्याचीच होती. १७ जानेवारी १८८५ रोजीं सुदानांत अबू क्ली येथें लढाई झाली, तेव्हां ह्या बंदुका ऐन वेळीं अडकून बसल्या. तापलेल्या नळींत पत्र्याची पुंगळी चिकटे आणि ओढून काढतांना फाटे. पुढें एकाच तुकड्यांतून ओढून काढलेली अखंड पुंगळी प्रचारांत आली. १८८८ सालच्या ली-मेटफोर्ड बंदुकीचें ०.३०३ इंची काडतूस अशाच पुंगळीचें होतें.

ही अखंड पुंगळी तयार होते ती अशी. शंभर भागांत सत्तर भाग तांबें आणि तीस भाग जस्त असलेल्या पितळेची जाड चकती घेतात. प्रथम तिची वाटी करतात, आणि मग ती वाटी एकाहून एक अरुंद साच्यांतून दाबून तिची लांब नळी बनवितात. प्रत्येक ओढीनें पितळ कठीण होतें, म्हणून मधून मधून तें तापवून मऊ करावें लागतें. येथवर कारखानदाराचा आणि तांबटाचा मार्ग एकच. परंतु शेवटीं नळीचें तोंड आवळून गळा करावयाचा असतो, आणि गोळी बसवून गळ्याचा कांठ तिच्यावर दाबावयाचा असतो. ०.३०३ च्या काडतुसांत कॉर्डाइटच्या काड्यांची जुडी बसवावी लागे, आणि ती आंत गेल्यावरच गळा आवळीत. दारू भरलेली पुंगळी भट्टींत कोण घालील? त्यामुळें ह्या शेवटच्या दाबाचा ताण गळ्यांत तसाच कोंडून राही.

पावसाळा लागला कीं हिंदुस्थानांतील ब्रिटिश फौजेच्या हालचाली मंदावत, आणि कोरडे दिवस येईपर्यंत काडतुसांचा सांठा पागांतून ठेवण्यांत येई. पाऊस सरल्यावर पेट्या उघडाव्या, तों पुष्कळशा पुंगळ्यांना भेगा पडलेल्या दिसत. विशेषतः गोळी जेथें घट्ट धरलेली असे, तेथें. काडतुसें उडविलेलीं नव्हतीं, आपटलेलीं नव्हतीं. नुसतीं पडून होतीं. अशा भेगेवाटे दमट हवा दारूपर्यंत पोंचते आणि गोळी सैल पडते. ज्याचा जीव त्या काडतुसावर अवलंबून, त्याला हा केवढा धोका! इंग्रजींत ह्या विकाराला ‘सीझन क्रॅकिंग’, म्हणजे ऋतूनें पाडलेली भेग, असें नांव पडलें.

१९२१ सालीं मूर, बेकिन्सेल आणि मॅलिन्सन ह्या तिघां ब्रिटिश संशोधकांनीं ह्या विकाराची कारणमीमांसा केली. भेग पडण्यास दोन गोष्टी एकत्र याव्या लागतात: पितळेच्या आंत कोंडलेला ताण आणि बाहेरून लागणारा अमोनिया. घोड्यांच्या मुतापासून पागेंत अमोनिया सुटतो. दमट हवेंत पुंगळीवर ओलाव्याचा सूक्ष्म थर बसतो आणि त्यांत तो विरघळतो. पितळ असंख्य बारीक कणांचें बनलेलें असतें. ताणलेल्या पितळेंत हे कण जेथें एकमेकांना भिडतात, त्या सीमारेषांवरून अमोनिया आंत शिरतो आणि पितळ उकलत जातें. ताण नसलेलें पितळ त्याच हवेंत काळवंडेल, परंतु चिरणार नाहीं; आणि ताणलेलें पितळ अमोनियाखेरीज वर्षानुवर्षें टिकेल.

रोग कळला, तसा उपायही कळला. अडीचशें अंश सेंटिग्रेडच्या सुमारास कांहीं काळ तापविलें, तर पितळ फारसें मऊ न होतां आंतला ताण निघून जातो. ताण उरला आहे कीं नाहीं, हें पाहण्याची युक्तीही साधी आहे. नमुन्याची पुंगळी पाऱ्याच्या नायट्रेटच्या द्रावणांत बुडवितात; ताण असेल तर ती थोड्याच वेळांत चिरते. लष्करी काडतुसांच्या गळ्याशीं जी निळसर-तपकिरी झांक दिसते, ती गळा तापविल्याचीच खूण होय.

वापरलेली पुंगळी पुन्हां भरणाऱ्यांनाही हाच न्याय लागू पडतो. अमेरिकेंत हा छंद जुना आहे. जॉन बार्लो यांनीं १८८४ सालीं स्थापिलेल्या आयडियल कंपनीचें चिमट्यासारखें हत्यार घेऊन शिकारी व नेमबाज आपलीं काडतुसें स्वतः भरीत. १९३० सालीं विंचेस्टर कंपनीनें ०.२२ इंची हॉर्नेट हें काडतूस बाजारांत आणलें. त्याच्या पुंगळीचा गळा फार पातळ. बार उडतांना वायूच्या दाबानें गळा फुगतो आणि नव्या गोळीला धरण्याइतका घट्ट राहत नाहीं. म्हणून तो साच्यांत दाबून गोळीच्या व्यासाहून इंचाच्या दोन-तीन सहस्रांश भागांनीं लहान करावा लागतो. प्रत्येक खेपेस फुगणें आणि आवळणें ह्यांमुळें पितळ कठीण होत जातें. कठीण पितळ दाबलें तरी थोडें परत उसळतें. मग कांहीं पुंगळ्या गोळीला घट्ट धरतात, कांहीं सैल, आणि नेम विखुरतो. अखेर गळा चिरतो.

ह्यावर नेमबाजांचा जुना उपाय असा कीं पुंगळ्या पसरट भांड्यांतील पाण्यांत उभ्या करावयाच्या, वर राहिलेला गळा ज्योतीनें तापवावयाचा आणि लगेच पुंगळी पाण्यांत आडवी पाडावयाची. पोलादाप्रमाणें पितळ पाण्यानें कठीण होत नाहीं. पाणी असतें तें बुडाच्या रक्षणासाठीं. स्फोटाचा दाब बुडाला सोसावयाचा असल्यामुळें तें कठीणच राहिलें पाहिजे. बूड मऊ पडलें, तर पुंगळी मागच्या बाजूस फुटून तापलेला वायु नेमबाजाच्या तोंडावर येण्याची भीति असते. एकाच पुंगळीचें एक टोंक मऊ हवें आणि दुसरें कठीण, हें ज्याला उमगलें त्यालाच ही कला साधली.

‘ऋतूची भेग’ हें नांव इंग्रजींत अजूनही टिकून आहे, आणि त्या नांवानें दोष हिंदुस्थानच्या पावसाळ्याच्या माथीं बसला आहे. पावसानें मात्र इतकेंच केलें कीं कारखान्यांत आवळलेल्या गळ्यांत जो ताण आधींच दडलेला होता, तो उघड्यावर आणला. पितळ उघडें पडलें तें पागेंत. त्याचें दुखणें तें कारखान्यांतूनच बरोबर घेऊन आलें होतें.