कोतवालाच्या हातातली किल्ली

घाशीराम कोतवाल हे नाव ठाऊक नसलेला मराठी माणूस विरळाच. १८६३ साली मोरोबा कान्होबांनी त्याच्यावर पुस्तक लिहिले आणि १९७२ साली विजय तेंडुलकरांच्या नाटकाने तो घरोघरी पोहोचला. पण नाटक हे नाटक. इतिहासातला घाशीराम मला अधिक विचारात पाडतो.

औरंगाबादेकडून आलेला हा घाशीराम सावळदास १७७७ साली पुण्याचा कोतवाल झाला. नाना फडणविसांची त्याच्यावर मर्जी होती. शहर वाढत होते, परगावचे लोक येत होते. तेव्हा बंदोबस्त हवा होता, हे खरेच. रात्रीची गस्त, चोऱ्यांचा तपास, बाजारावर देखरेख, लहानसहान तंट्यांचा निवाडा, दंडवसुली ही सारी कामे कोतवालाकडे. रात्री तोफ झाली की जो रस्त्यावर सापडेल तो आत! म्हणजे पकडणारा तोच, गुन्हेगार ठरविणारा तोच आणि कुलपाची किल्लीही त्याच्याच कमरेला. खरी मेख आहे ती इथे.

१७९१ च्या ऑगस्टमध्ये, श्रावणातल्या दक्षिणेसाठी आलेले काही तेलंगी ब्राह्मण घाशीरामाच्या बागेत शिरल्याचा बोभाटा झाला. त्याने त्यांना एका कोंदट जागेत कोंडले. सरदार मानाजी फाकडे यांनी कुलूप तोडविले, तेव्हा आत प्रेते होती. एकवीस माणसे गुदमरून गेली होती. शहर खवळले, नानांच्या दारी जमाव लोटला. अखेर ३१ ऑगस्टला घाशीरामाला जमावाच्या हवाली करण्यात आले आणि लोकांनी त्याला दगडांनी ठेचून मारले.

इथवर आले की ऐकणारे ‘बरे झाले!’ म्हणतात. मला मात्र तसे म्हणवत नाही. जमावाने तरी निराळे काय केले? पकडले त्यानेच, न्याय दिला त्यानेच आणि शिक्षाही त्यानेच केली. घाशीराम मेला, पण पुढच्या कोतवालाला किल्ली देताना ‘इतक्या वेळात कैद्याला न्यायाधीशापुढे उभे कर’ असे बजावणारा नियम काही त्या दगडांतून निघाला नाही. आणि त्या एकवीस जणांसाठी शहर उठले; पण त्याआधीच्या चौदा वर्षांत जे एकेकटे आत गेले असतील, त्यांच्यासाठी कोण उठले होते?

पोलिसाला वेसण घालण्याचे काम पुढे कायद्याने केले, तेही फार सावकाश. १८५५ साली मद्रास इलाख्यातील चौकशी मंडळाने महसूल आणि पोलीस या दोन्ही खात्यांत माणसांचा छळ होतो, हे नमूद केले. १८६१ च्या फौजदारी संहितेत आणि मग १८७२ च्या पुराव्याच्या कायद्यात एक साधी पण मोलाची गोष्ट आली : पोलिसापुढे दिलेला कबुलीजबाब आरोपीविरुद्ध पुरावा म्हणून चालणार नाही. मारून वदवून घेतलेले कोर्टात फुकट जाणार असेल, तर मारण्यातला एक लोभ तरी कमी होतो.

अर्थात कायदे करणारे तेच सरकार वेळ आली की पळवाटाही काढी. १८९७ साली पुण्याच्याच नातू बंधूंना १८२७ च्या जुन्या रेग्युलेशनचा आधार घेऊन खटल्यावाचून अडकवून ठेवले होते. म्हणूनच १९५० साली आपल्या राज्यघटनेच्या २२ व्या कलमात स्पष्ट लिहिले गेले : अटकेचे कारण सांगा, वकील घेऊ द्या आणि प्रवासाचा वेळ सोडून चोवीस तासांच्या आत मॅजिस्ट्रेटपुढे हजर करा. प्रतिबंधक स्थानबद्धतेला मात्र त्याच कलमाने या नियमातून वगळले. ती फट अजून आहे. डिसेंबर १९९६ मध्ये डी. के. बसू खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने आणखी बजावले की अटकेचा कागद साक्षीदारासमक्ष करा, नातलगांना कळवा, दर अठ्ठेचाळीस तासांनी वैद्यकीय तपासणी करा. १ जुलै २०२४ पासून नव्या संहिता आल्या. चोवीस तासांची मर्यादा आणि कबुलीजबाबाची बंदी त्यांतही कायम आहे.

कायदा झाला म्हणून कोठडीतले मरण थांबले, असे नव्हे. कायदा आपणहून चालत नाही. तो मागावा लागतो. ‘अटकेचा कागद दाखवा, केव्हा पकडले ते त्यात लिहा’ एवढे विचारणारे कोणी चौकीच्या दाराशी उभे असले, तर आतल्या माणसाला आधार मिळतो. त्या श्रावणात कुलूप तुटण्याआधी असे विचारणारे कोणी नव्हते. आज विचारता येते, आणि ते विचारायला दगड उचलावा लागत नाही.