मागच्या डब्यातून

डोंबिवली स्टेशनचा पूल तुम्ही आजच्या तारखेला चढता आणि प्लॅटफॉर्मवर उतरता तेव्हा साल 1996 असतं. मोबाइलच्या जागी खिशात पुठ्ठ्याचं जाडसर तिकीट लागतं. बोरीबंदरच्या स्टेशनचं नाव नुकतंच बदललं आहे, पण माणसांच्या तोंडी अजून ‘व्हीटी’च. वारा एमआयडीसीकडून वाहतोय, नाकाला कळतं. नऊ डब्यांची स्लो लोकल येते आणि ती थांबायच्या आत अर्ध्या जागा गेलेल्या असतात.

गर्दीत एक आठ वर्षांचा मुलगा आहे. किटबॅग जवळजवळ त्याच्याच उंचीची. काल त्याचे वडील त्याच्याबरोबर आले होते. आज त्यांनी सांगितलंय, एकट्याने जायचं. मुलगा पुढच्या एका डब्यात शिरतो. कोणीतरी त्याची बॅग उचलून रॅकवर टाकतं, कोणीतरी त्याला दरवाज्यातून आत ढकलतं. तुम्ही मागच्या डब्यात चढता. त्याच डब्यात त्या मुलाचे वडील आहेत. मुलाला ते माहीत नाही.

कोपर, दिवा, मुंब्रा. मुंब्र्याला खाडी दिसते, तिचा वास येतो, डबा आणखी भरतो. प्रत्येक स्टेशनाला तुम्ही दरवाज्यातल्या माणसाच्या खांद्यावरून पुढे वाकून बघता: उतरणाऱ्या लोंढ्याबरोबर ते पोर फेकलं तर नाही ना गेलं? कळवा. ठाणं. ठाण्याला निम्मा डबा रिकामा होतो आणि दुप्पट भरतो. हाच तो मार्ग, 1853च्या एप्रिलमध्ये देशातली पहिली प्रवासी गाडी ज्यावरून बोरीबंदरहून ठाण्याला आली आणि पुढच्याच वर्षी कल्याणला पोहोचली. आणि पुढच्या डब्यात एक मुलगा स्वतःची किटबॅग स्वतः सांभाळायला शिकतो आहे.

मुलाचं नाव अजिंक्य रहाणे. जन्म 6 जून 1988चा, संगमनेर तालुक्यातल्या आश्वी खुर्दचा; वाढला डोंबिवलीत, शिकला स. वा. जोशी शाळेत. मागच्या डब्याची ही हकिकत त्यानेच मोठेपणी सांगितली.

त्याहून आधीचं एक दृश्य बघायचं तर स्टेशनाबाहेर या. एक बाई चालली आहे. एका कडेवर धाकटा मुलगा, दुसऱ्या हातात मोठ्याची किटबॅग, मोठा शेजारून चालतोय. मैदान सहा-आठ किलोमीटर लांब. रिक्षा बाजूने जाते, बाई हात करत नाही. रिक्षाचे पैसे परवडणारे नाहीत. तुम्ही डोंबिवलीचे असाल तर हे अंतर तुमच्या पायांना माहीत असेल. नसाल तर आज पूर्ण चाला. मला वाटतं की पुढचं सगळं क्रिकेट समजायला हे चालणं पुरेसं आहे. पण तुम्हाला अजून लांब जायचंय.

परतीला व्हीटीहून फास्ट पकडा. ठाणं सुटलं की पारसिकचा बोगदा येतो, 1916 सालचा, सुमारे 1.3 किलोमीटरचा. डब्यात अंधार होतो, आवाज कानात भरतो, बोलणारे गप्प होतात. यातून बाहेर पडलात की खाडीऐवजी गिरण्यांची धुराडी दिसतात. तुम्ही लँकेशायरमध्ये आहात आणि दशक आहे 1950चं.

शनिवारची दुपार. रिश्टन नावाचं छोटं गाव. मैदानावरचे दहा जण गिरणीत, दुकानात, कचेरीत काम करणारे. अकरावा पगारी. लँकेशायर लीगचा नियमच आहे, प्रत्येक क्लबला एकच व्यावसायिक खेळाडू. इथला तो अकरावा म्हणजे मुंबईचा सुभाष गुप्ते. त्याचा चेंडू मनगटातून सुटतो तेव्हा फलंदाज पुढे यायचं की मागे जायचं हे ठरवतच राहतो. व्यावसायिकाने अर्धशतक केलं किंवा पुरेसे बळी घेतले की मैदानाभोवती पेटी फिरते आणि प्रेक्षक त्यात नाणी टाकतात. तुम्हीही एक टाका. मुंबईच्या गिरण्यांतली कितीतरी यंत्रं याच लँकेशायरमधून बोटीने आली. तुमच्यासमोर उभा असलेला माणूस त्याच वाटेने उलटा आला आहे, आपलं कसब घेऊन, कराराने, एकटा.

इथून थोड्याच अंतरावर हॅसलिंग्डन. तिथे 1952 साली विनू मंकड व्यावसायिक म्हणून बांधलेला. भारताचा संघ इंग्लंडच्या दौऱ्यावर येतो, संकटात सापडतो आणि क्लबकडून मंकडला मागून घेतो. लॉर्ड्सला तो 72 आणि 184 करतो, एका डावात पाच बळीही घेतो. परदेशात पोटासाठी खेळणारा माणूस आणि देशासाठी खेळणारा माणूस एकच असतो, हे त्या काळी आपल्या क्रिकेट मंडळाला पटायला फार वेळ लागला. मला त्याचं अजून वाईट वाटतं.

पुढचं दार उघडतं 1992मध्ये, यॉर्कशायरला. एकोणीस वर्षांचा सचिन तेंडुलकर डोक्याला स्थानिक चपटी टोपी घालून फोटोला उभा आहे. शतकाहून अधिक काळ या काउंटीने, मोजके अपवाद सोडले तर, यॉर्कशायरबाहेर जन्मलेल्याला घेतलं नव्हतं. क्रेग मॅकडरमॉट जखमी झाला आणि पहिला परदेशी खेळाडू म्हणून आला वांद्र्याचा मुलगा. इथे फार थांबू नका, ही गोष्ट तुम्हाला माहीत आहे.

परदेशी खेळाडू हा शब्द मात्र बरोबर ठेवा. अमेरिकेत बास्केटबॉलपटूंची एक मोठी जमात याच शब्दावर जगते. एनबीएत जागा मोजक्या. ज्यांना ती मिळत नाही किंवा मिळून सुटते, ते इटली, तुर्कस्तान, इस्रायल, चीन अशा देशांत संघ शोधतात. जो ब्रायंट एनबीएतल्या आठ मोसमांनंतर 1984मध्ये इटलीतल्या रिएती गावी खेळायला गेला. बरोबर सहा वर्षांचा मुलगा होता. तो तिथेच शाळेत गेला, इटालियन बोलायला शिकला आणि पुढे कोबी ब्रायंट म्हणून जगाला कळला. संघात परदेशी मोजकेच, आणि सामना हरला की बोट आधी त्यांच्याकडे, कारण पैसे त्यासाठीच दिलेले असतात. रिश्टन असो की रिएती, करार तोच.

आता 2007चा सप्टेंबर. कराची. मोहम्मद निसार करंडकाचा सामना, मुंबईविरुद्ध कराची अर्बन. डोंबिवलीचा तो मुलगा एकोणीस वर्षांचा आहे आणि प्रथमश्रेणीचा आपला पहिला सामना खेळतो आहे. सलामीला साहिल कुकरेजा जोडीला. रहाणे 143 करतो. सुरुवातच सीमेपलीकडे झाली हे लक्षात ठेवा.

कारण पुढचा हिशेब विलक्षण आहे. त्याची कसोटी शतकं 12. त्यांतली 8 परदेशात. वेलिंग्टन, लॉर्ड्स, मेलबर्नला दोनदा, कोलंबोला दोनदा, किंग्स्टन, अँटिग्वा. आणि 85 कसोटींपैकी वानखेडेवर एकही नाही. 2013ला संघात होता पण अकरांत नव्हता. 2016ला आणि 2021ला दुखापत आडवी आली. लहानपणापासून ज्या दिशेने गाडी धरली, त्या शहरात भारताच्या पांढऱ्या कपड्यांत उतरणं त्याच्या नशिबी आलंच नाही. मला त्याच्याबद्दल सगळ्यांत जास्त चुटपूट याच गोष्टीची लागते.

पुढे चला. 2019चा मे. तुम्ही साउदम्प्टनच्या धक्क्यावर आहात आणि समोर आइल ऑफ वाइटला जाणारी फेरी. एप्रिलमध्ये विश्वचषकाचा संघ जाहीर झाला, त्यात रहाणे नव्हता. हॅम्पशायरचा एडन मार्करम दक्षिण आफ्रिकेच्या विश्वचषक संघात गेला, त्याची जागा रिकामी झाली आणि रहाणेला परवानगी मिळाली. हॅम्पशायरकडून खेळणारा तो पहिला भारतीय. फेरीला खारा वारा आहे, मुंब्र्याच्या खाडीपेक्षा गार आणि स्वच्छ. सवयीने तुम्ही मागे वळून बघता. मागे फक्त बोटीने कापलेलं पाणी.

न्यूक्लोजचं मैदान गावाबाहेर, हिरवं, लहान. या बेटावर प्रथमश्रेणीचा सामना 1962नंतर पहिल्यांदाच होतोय, त्यामुळे माणसं खुर्च्या घेऊन आली आहेत. समोर नॉटिंगहॅमशायर. पहिल्या डावात रहाणे 10वर बाद होतो. नवा संघ, नवी ड्रेसिंग रूम, परदेशी म्हणून एकच जागा, आणि 10. तुम्ही त्या चालत परतणाऱ्या पाठीकडे बघा. खांदे पडलेले नाहीत, बॅट काखेत, पावलं नेहमीच्याच लयीत. दुसऱ्या डावात तो तिसऱ्या क्रमांकावर येतो. ड्यूक चेंडू शिवणीवर पडून हलतोय. रहाणे तो अंगाजवळ येऊ देतो, उशिरा खेळतो, मऊ हातांनी. दुसऱ्या टोकाला सॅम नॉर्थईस्ट. दोघंही शतकं करतात, रहाणेचं 119. काउंटीतल्या पहिल्याच सामन्यात शतक. टाळ्या मनापासून पडतात, पण मोजता येतील इतक्या.

जूनच्या 5 तारखेला साउदम्प्टनमध्ये निळा सागर. भारताचा विश्वचषकातला पहिला सामना दक्षिण आफ्रिकेशी, रोहित शर्मा नाबाद 122. मैदान कोणतं? हॅम्पशायरचं घरचं. ज्या क्लबचा परदेशी खेळाडू रहाणे आहे, त्याच क्लबच्या मैदानावर त्याचा देश त्याच्याशिवाय खेळतो आहे. तुम्ही तिकीट काढून आत जाऊ शकता. मी तुमच्या जागी असतो तर बाहेरच थांबलो असतो.

हॅम्पशायरकडचे आकडे सोपे नाहीत: 7 सामने, 13 डाव, 307 धावा. परदेशी खेळाडूच्या नावापुढे हे कमीच. पण ऑगस्टमध्ये अँटिग्वाला तो 81 आणि 102 करतो, दोन वर्षांनंतरचं पहिलं कसोटी शतक, आणि ड्यूक चेंडूशी घालवलेले ते दोन महिने उपयोगी पडले असं सांगतो. त्यानंतरच्या वर्षी, ॲडलेडला भारत 36 धावांत संपल्यावर, मेलबर्नला कर्णधार म्हणून त्याने केलेले 112 तुम्ही घरी बसून पाहिले आहेत. तिकडे परत न्यायची गरज नाही.

2023च्या जुलैत त्याने त्रिनिदादमधल्या पोर्ट ऑफ स्पेनला कसोटी खेळली. त्यानंतर तो भारताच्या कसोटी संघात दिसला नाही. याच त्रिनिदादला सुभाष गुप्ते संसार थाटून राहिला आणि 2002मध्ये तिथेच गेला. हा योगायोग आहे. मला सांगितल्याशिवाय राहवत नाही.

शेवटचा थांबा 2024. मार्चमध्ये त्याच्या नेतृत्वाखाली मुंबईने 42वं रणजी विजेतेपद जिंकलं, तेही वानखेडेवर. कोणी म्हटलं असतं, आता बस. उन्हाळ्यात तो लेस्टरशायरकडून खेळायला निघाला. तेव्हा दुसऱ्या श्रेणीत असलेली काउंटी, करार मोसमाच्या उत्तरार्धापुरता. लेस्टरच्या बेलग्रेव्ह रोडवर साड्यांची, मिठाईची दुकानं आहेत, गुजराती कानावर पडतं. घाटकोपरला गाडी थांबल्यासारखं क्षणभर वाटेल तुम्हाला.

पण उतरायचं आहे कार्डिफला, 1 सप्टेंबरला. ग्लॅमॉर्गनविरुद्ध शेवटचा दिवस. या मोसमात ग्लॅमॉर्गनचा कर्णधार तोच सॅम नॉर्थईस्ट, बेटावर दुसऱ्या टोकाला होता तो. लेस्टरशायर पहिल्या डावात तीनशेच्या आसपास मागे पडलेलं. जिंकायचं काही उरलेलं नाही, वाचवायचं सगळं आहे. पीटर हँड्सकॉम्ब आणि छत्तीस वर्षांचा रहाणे तासन् तास खेळत राहतात. सोडलेला चेंडू, पुन्हा सोडलेला चेंडू, मग कधीतरी कव्हरमधून एक चौकार. तो शंभरी ओलांडतो, 102वर बाद होतो, आणि सामना वाचतो. इथे मेलबर्नचा गजर नाही. खुर्च्या बऱ्याचशा रिकाम्या आहेत. तो हेल्मेट काढून पॅव्हेलियनकडे चालू लागतो, इकडेतिकडे बघत नाही.

तुम्ही अगदी मागच्या रांगेत बसला आहात. दरवाज्यातून तो आत दिसेनासा होईपर्यंत थोडे पुढे वाकून बघत राहा.