गीझरमधला दुष्काळ

दिवाळीत जामखेडला घरी गेलो तर गीझर बंद. तीन वर्षांत दुसऱ्यांदा! मेकॅनिकने कॉईल काढून माझ्या हातात ठेवली. कॉईल कसली, पांढरट दगडच तो. "बोअरचं पाणी आहे साहेब, दुसरं काय होणार?" इति मेकॅनिक. नव्या कॉईलचे पैसे दिले आणि जामखेडच्या पाण्याला मनसोक्त शिव्या घातल्या.

आज्जी ओट्यावर बसून ऐकत होती. म्हणाली, "आरं, पाण्याला नावं ठिवू नको. बहात्तर साली ह्योच पाणी नसतं तर तुझा बाप जगला नसता."

आता यावर काय बोलणार? पुण्याला परत आलो आणि सगळा वीकेंड वाचण्यात घालवला.

आधी थोडी केमिस्ट्री, बारावीनंतर विसरलेली. पावसाचं पाणी मऊ असतं. मातीतून मुरताना ते कार्बन डायऑक्साईड घेतं आणि किंचित आम्ल होतं. मग आपला काळा बेसाल्ट आणि चुनखडी यांतलं कॅल्शियम, मॅग्नेशियम विरघळवत खाली जातं. जितकं खोल आणि जितका वेळ खडकात, तितकं साधारणपणे जड. हेच पाणी तापवलं की कार्बन डायऑक्साईड उडून जातो आणि चुना कॉईलवर बसतो. या थरातून उष्णता नीट बाहेर पडत नाही, म्हणून कॉईल आतल्या आत तापून जळते. वॉशिंग मशीनची गोष्ट हीच. साबणाला फेस येत नाही तोही याच मंडळींमुळे.

मग आपण इतकं खोल गेलोच कशाला?

पूर्वी आमच्याकडे आड, विहिरी आणि बारवा. अहिल्याबाई होळकरांचं जन्मगाव चौंडी आमच्याच तालुक्यातलं, आणि त्यांनी देशभर विहिरी, बारवा बांधल्या हे आपण शाळेत शिकलोय. पण पायऱ्यांच्या विहिरीत माणूस थेट पाण्यात उतरतो. नारू झालेला माणूस उतरला की अळ्या पाण्यात, तिथून बारीक जलकीटकांत आणि ते पाणी पिणाऱ्या पुढच्या माणसाच्या पोटात. वर्षभराने पायातून हातभर लांब जंत बाहेर! महाराष्ट्रात हा रोग होता. भारतातला शेवटचा रुग्ण १९९६ चा, आणि २००० साली देश नारूमुक्त जाहीर झाला. बारवा बंद करणं, पाणी गाळून पिणं यांच्या जोडीला बोअर आणि हातपंपांचाही त्यात मोठा वाटा होता.

बोअर गावोगाव आली ती मात्र दुष्काळामुळे. १९६७ च्या सुमारास युनिसेफने कठीण खडक फोडणारी, हवेच्या दाबावर चालणारी यंत्रं भारतात आणली. पाठोपाठ १९७२ चा दुष्काळ. खडी फोडायची कामं, सुकडी, लाल मिलो. विहिरी कोरड्या, पाणी फक्त खडकाच्या पोटात.

जामखेडला त्याआधी दोनच वर्षं, १९७० मध्ये, डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला होता. लोकांना औषधाआधी पाणी हवंय हे त्यांनी ओळखलं आणि गावोगाव बोअर घेतल्या. आणि हातपंप दलित वस्तीत बसतील असं मुद्दाम पाहिलं! म्हणजे पाणी हवं तर सगळ्या गावाने तिकडे जायचं.

आज्जीला फोन करून विचारलं, तू गेली होतीस का? थोडा वेळ गप्प. मग म्हणाली, "पैले चार दिस नाय गेले. मैलभर लांबून गढूळ पाणी आणलं. पाचव्या दिशी तुझा बाप तापला, मंग गेले. त्या बायांनी हंडा भरून दिला, कोन काय बोललं न्हाई." पन्नास वर्षांत हे तिने घरात कधी सांगितलं नव्हतं.

पंपांचीही गोष्ट आपल्याकडचीच. परदेशी धाटणीचे बिडाचे पंप एका कुटुंबासाठी बनवलेले. सगळं गाव हापसायला लागल्यावर मोडायचे. जालन्याच्या मिशनमधल्या लोकांनी पोलादी पंप बनवला, सोलापुरात तो सुधारला, आणि त्यावरून सत्तरच्या दशकात 'इंडिया मार्क टू' तयार झाला. पुढे तो आफ्रिकेपर्यंत गेला.

असो. म्हणजे माझ्या कॉईलवरचा थर ही नुसती कटकट नाही, ५० वर्षांपूर्वी वाचलेल्या जिवांचं बिल आहे. प्रश्न एवढाच, की तेव्हा पिण्यासाठी खोल गेलो. आता ऊस, बंगले आणि कार धुण्यासाठी आणखी खोल जातोय. त्याचं बिल कॉईलवर थांबणार नाही.

तोवर आपल्या हातात काय? गीझर ५० अंशांवर ठेवा (जास्त तापमान म्हणजे जास्त थर) आणि वर्षातून एकदा कॉईल लिंबूसत्वाच्या पाण्याने साफ करून घ्या.

हे सगळं आज्जीला फोनवर ऐकवलं. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "ते समदं खरं. पर डाळ काय शिजत न्हाई बघ त्या पाण्यात!"