वाराचे जेवण आणि बोर्डिंगची भाकरी

मुलाचे मार्क कमी पडले की आपण शिकवणी, पाठांतर, हुशारी या सगळ्यावर बोलतो. तो जेवला होता का, हे सहसा कुणी विचारत नाही. माझी तीसेक वर्षे शिकवण्यात गेली. सकाळी उपाशी आलेला नववीतला मुलगा तिसऱ्या तासाला ओळखू यायचा. डोळे फळ्यावर, लक्ष मात्र कुठेच नाही.

पूर्वी पुण्यासारख्या शहरात परगावचा गरीब विद्यार्थी वार लावून जेवायचा. सात दिवस, सात घरे. पान उशिरा वाढले की शाळेला उशीर. एखादे घर सुटले की त्या वारी उपास. या हालांच्या गोष्टी आपण फार कौतुकाने सांगतो. पण वार मिळायचे ते बहुतेक ब्राह्मण मुलांनाच! कुणब्याच्या किंवा अस्पृश्याच्या पोराला कोण पान वाढणार? शाळेत नाव घालता आले, तरी गावात जेवायची सोय नाही. मग शिक्षण तिथेच खुंटायचे.

शाहू महाराजांनी हे नेमके ओळखले. १९०१ साली कोल्हापुरात मराठा मुलांचे बोर्डिंग निघाले, मग जैन, लिंगायत, मुसलमान. १९०८ मध्ये अस्पृश्य मुलांसाठी मिस क्लार्क बोर्डिंग. मात्र चुली जातवार वेगळ्या.

त्यातल्याच जैन बोर्डिंगात शिकलेल्या भाऊराव पाटलांनी १९२४ साली साताऱ्यात बोर्डिंग काढले, आणि तिथे सगळ्या जातींची मुले एका पंगतीला बसवली. १९२७ मध्ये गांधीजींनी त्याला शाहू महाराजांचे नाव दिले. मुले शाळा शिकायची, आणि शेतातली, स्वयंपाकातली कामेही करायची. ही माझ्या मते फार मोठी गोष्ट. आज कुणाकडे पान मिळेल, ही काळजी नाही. उपकाराचे ओझे नाही. पोटाची विवंचना मिटली की डोके अभ्यासाला मोकळे. बॅ. पी. जी. पाटील याच बोर्डिंगात वाढले, पुढे शिवाजी विद्यापीठाचे कुलगुरू झाले.

हे चालले ते मात्र लक्ष्मीबाईंच्या अंगावरच्या सोन्यावर. सोवळ्या घरातली ही बाई सगळ्या जातींच्या मुलांची आई झाली. पोरांना धान्य हवे म्हणून दागिने मोडले, शेवटी मंगळसूत्रही. १९३० साली त्या गेल्या. भाऊरावांचे पुतळे गावोगावी दिसतात. वहिनींचे नाव किती जणांना ठाऊक आहे?

असो. सरकारी शाळेतले दुपारचे जेवण आज आठवीपर्यंत मिळते. नववीच्या पोराने काय खायचे, हे अजून त्याचे त्यानेच बघायचे.