नावेतून दिसणारी काशी

अस्सी घाटावरून नाव उत्तरेस निघाली, की १९१६ साली स्थापन झालेले हिंदु विश्वविद्यालय मागे राहते, आणि पुढे अहिल्याबाई, शिंदे, भोसले अशी आपल्या घरची नावे घाटांवर भेटू लागतात. १८३० च्या सुमारास बायजाबाई शिंद्यांनी बांधविलेला घाट तर स्वतःच्याच भाराने गंगेत खचला होता! आजऱ्याहून गेलेला यात्रेकरू एवढे पाहून तृप्त होतो. परंतु नावाडी सांगत नाही असा याहून जुना वारसा येथे आहे. मूळच्या पैठणच्या भट्ट घराण्याने मराठी राज्याच्या आधीच काशीत विद्येचा दबदबा निर्माण केला. व्रताच्या तिथीविषयी शंका आली, की आजऱ्याच्या भिक्षुकानेही ज्याचा आधार घ्यावा तो ‘निर्णयसिंधु’ कमलाकरभट्टांनी येथेच १६१२ साली रचला. त्यांचेच पुतणे गागाभट्ट १६७४ साली राज्याभिषेकासाठी रायगडावर आले.